वाचलेल्या पैशांचा धनी

आप्पा समुद्र बघायला जात नाही. समुद्र किती स्वस्तात बघून होतो, ते बघायला जातो.

निपाणीहून समुद्र तसा लांब नाही. देवगडचा रस्ता गावातूनच सुटतो. मुदाळ तिट्टा, राधानगरी करत फोंडा घाट उतरला की कोकण. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीनं उतरता येतं. नाहीतर बेळगाव गाठायचं आणि जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटानं गोव्यात शिरायचं. या सगळ्या वाटांवरच्या तीन राज्यांच्या बसचे दर आप्पाला तोंडपाठ आहेत. इतर कुणाला रस्ता विचारला तर तो किती तास लागतात ते सांगतो. आप्पा रुपये सांगतो. तासांचं काढलंच तर म्हणतो, "तास काय, घरात बसलं तरी जात्यातच की."

आप्पा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहे. बोदांची वजनं लिहून घेणं, घट काढणं, हमालांचा हिशेब ठेवणं ही त्याची रोजची कामं. दमट हवेत तंबाखू वजनाला वाढतो, ऊन लागलं की घटतो. पैशाचंही तसंच असतं, उन्हात काढला की घटतो, असं त्याचं अर्थशास्त्र आहे. म्हणून प्रवासात तो पाकीट बाहेर काढत नाही. ते बनियनच्या आतल्या खिशात असतं आणि तिथवर पोचायला शर्टाची दोन बटणं सोडावी लागतात. तेवढ्या वेळात बरोबरचा माणूस ओशाळून स्वतःच पैसे देऊन टाकतो. बरोबरचा माणूस बहुतेक वेळा मी असतो.

त्याला नुसता चिक्कू म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. चिक्कू माणूस घरातून बाहेरच पडत नाही. आप्पाला फिरायचा भारी नाद. फक्त जगानं त्याचे पैसे मागू नयेत एवढीच अपेक्षा. यात थोडा वाटा आमच्या सीमाभागाचाही असावा. आप्पाचं घर निपाणीत, म्हणजे कर्नाटकात. कॉलेज देवचंद, म्हणजे अर्जुननगरला, म्हणजे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. हा गडी पदवी मिळेपर्यंत रोज डबा घेऊन चालत परराज्यात गेला आणि संध्याकाळी चालत परत आला. आंतरराज्य प्रवास फुकट असतो ही समजूत त्याच्या अंगात तेव्हा भिनली, ती आता निघत नाही. पेट्रोल ज्या हद्दीत स्वस्त त्या हद्दीत भरायचं, एसटी आणि कर्नाटकाची लाल बस एकदम लागल्या तर आधी दोन्हींच्या कंडक्टरना तिकीट विचारायचं आणि मग चढायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही येतं. आप्पानं त्याचं शास्त्र केलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टरनं कुठल्या भाषेत बोलावं यावरून वाद पेटला आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या हद्दीवर थबकल्या, तेव्हा सगळं गाव चिडलेलं होतं. आप्पाचं दुःख निराळं होतं. "आरं, ह्यांचं एका गोष्टीत तरी जमतंय का? १९५६ पासनं भांडाल्यात. आयोग झाला, कोर्ट झालं. पर तिकीट वाढवायचं म्हटल्यावर बग. जानेवारीत कर्नाटकानं पंधरा टक्के वाढवलं, त्याच जानेवारीत महाराष्ट्रानं पंधराला पाच पैसे कमी! तितं बरं एकमत झालं." पाच पैसे म्हणजे चौदा पूर्णांक पंच्याण्णव टक्के. तो शेवटचा आकडाही त्याला माहीत होता.

तर अशा माणसाबरोबर मी पणजी, कारवार, गोकर्ण, उडुपी अशी किनाऱ्याची सफर केली. पाठीवर सॅक टाकून, जवळ मोजके पैसे ठेवून फिरायचं, ही कल्पना माझी. हल्ली तरुण पोरं असं करतात आणि त्याला बॅकपॅकिंग म्हणतात, असं मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग आमी आजवर काय करत होतो?"

मी नवी सॅक घेतली होती. तिला छातीवर एक पट्टा, कमरेवर एक पट्टा आणि पावसाची टोपी होती. आप्पानं निपाणी स्टँडवर तिची किंमत विचारली आणि ऐकल्यावर बेळगावपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या पाठीवर मुलाची शाळेची जुनी सॅक होती. तिच्यावर छोटा भीम लाडू खात होता आणि भीमाचा एक डोळा उडाला होता. पुढच्या कप्प्यात अजून कंपासपेटीचा आकार होता. त्यात आप्पानं दाढीचं सामान बसवलं होतं. आत दोन कपडे, कडक भाकरीची चवड, शेंगदाण्याची चटणी, भडंगाची पिशवी, पाणी तापवायची कॉइल, स्टीलचा तांब्या, कपडे वाळवायला नायलॉनची दोरी, चार चिमटे आणि तीन पिनांचं एक्स्टेन्शन बोर्ड. हे शेवटचं कशाला म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "स्टेशनात चार्जिंगला एकच प्लग असतोय आन् धा माणसं असत्यात. आपल्याकडं बोर्ड असला की आपण मालक." पुढे मडगावला ते खरं ठरलं. प्लगला आधीपासून चिकटून बसलेल्या माणसानं सन्मानानं सरकून जागा दिली आणि वर आप्पाला चहा पाजला.

बेळगावला उतरल्यावर मी कुंदा घेऊ म्हटलं. "येताना," आप्पा म्हणाला. येताना घेऊ म्हटलं तर म्हणाला, "आता घरीच निघालोय, कशाला?" बेळगावात जाऊन कुंदा न खाता परत येणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

चोर्ला घाटात बस वळणं घेऊ लागली की माणसं खिडकीबाहेर बघतात. आप्पानं वही काढली. वखारीतली लांबोडकी वही, लाल पुठ्ठ्याची, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. पानाच्या मधोमध एक उभी रेघ. डावीकडं 'झाला', उजवीकडं 'वाचला'. डावी बाजू सगळेच लिहितात. उजवी बाजू हा आप्पाचा स्वतःचा शोध. टॅक्सीनं गेलो असतो तर इतके, बसनं आलो म्हणून इतके, वजाबाकी उजवीकडं. एसी बसमधनं आलो असतो तर आणखी इतके. कणकुंबीला बस थांबली, लोकांनी वडे खाल्ले, आम्ही खाल्ले नाहीत. दोघांचे दोन प्लेट वडे उजवीकडं. मलप्रभा इथंच उगम पावते असं मी त्याला दाखवू गेलो. त्यानं मान वर केली, नदी बघितली, फुकट आहे याची खात्री करून घेतली आणि पुन्हा वहीत घुसला.

पणजीत आप्पाला स्वर्ग सापडला. मांडवीवर पणजी ते बेती अशी सरकारी फेरीबोट चालते आणि पायी माणसाला तिचं तिकीट नाही. हे कळलं तेव्हा त्यानं खलाशाला दोनदा विचारलं, एकदा मराठीत आणि एकदा कोकणीच्या जवळपास जाणाऱ्या कशात तरी. तिकीट नाही म्हणजे परत येताना घेतात का, असंही विचारून घेतलं. मग आम्ही बेतीला गेलो. परत आलो. पुन्हा गेलो. संध्याकाळ झाली, नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींवर दिवे लागले, शेजारून एक क्रूझ गेली. तिच्यावर गाणी लावून माणसं नाचत होती. आप्पा कठड्याला टेकून ताल धरत होता. "त्यांनी तिकीट काढलंय," तो म्हणाला, "आन् त्यास्नी ती बोट दिसत न्हाई, कारण ती तिच्यावरच हाईत. आपल्याला दिसाल्या." मला याच्यावर उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. त्या रात्री क्रूझची दोन तिकिटं उजव्या बाजूला गेली. खलाशी आम्हाला ओळखू लागला होता. शेवटच्या खेपेला त्यानं विचारलं, तुमचं कोण हरवलंय का?

राहण्याची सोय स्टँडजवळच्या एका लॉजवर झाली. खोलीत पंखा होता, तो फिरायचा. वारा कुठं जायचा ते कळलं नाही. आप्पानं दोरी बांधून कपडे वाळत टाकले, कॉइलवर तांब्यात पाणी उकळलं, त्यात घरून आणलेली चहापूड टाकली आणि 'हॉटेलातले दोन चहा' असं लिहून दिवा मालवला. त्याच्या घोरण्याला डावी-उजवी बाजू नाही, तेवढं सांगून पुढं जातो.

मडगावहून दक्षिणेकडं आम्ही पॅसेंजर गाडीनं गेलो. कोकण रेल्वेविषयी आप्पाला अपार आदर आहे. डोंगर पोखरून ९१ बोगदे काढायचे, नद्यांवर पूल टाकायचे, १९९८ साली कुठं ती रोह्यापासून मंगळुरूकडं सलग धावू लागायची, आणि एवढं करून पॅसेंजरचं तिकीट मात्र चहा-नाष्ट्याएवढं! "हेच्यात सरकार बुडाल्यालं हाय," तो हळू आवाजात म्हणाला, कुणी ऐकून दर वाढवू नयेत म्हणून. "जोवर चाललंय तोवर बसून घ्यायचं." काणकोण मागं पडलं, बोगद्यातून बाहेर आलो आणि एका बाजूला हिरवी खाडी लख्खकन उघडली. डब्यातली झाडून सगळी माणसं त्या बाजूला सरकली. आप्पाही सरकला. तिकडं सीट रिकामी झाली होती.

कारवारला समुद्रकिनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. आयएनएस चपळ ही क्षेपणास्त्र-नौका तिथं वाळूवर आणून संग्रहालय म्हणून ठेवली आहे. तिला तिकीट आहे म्हणून आप्पानं ती बाहेरून प्रदक्षिणा घालून बघितली आणि बाहेरून ती जास्त मोठी दिसते असा निर्वाळा दिला. टागोरांकडं मात्र तो आदरानं वळला. मी सांगितलं की रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ इथं जिल्हा न्यायाधीश होते, १८८० च्या दशकात ऐन तरुणपणी रवींद्रनाथ त्यांच्याकडं येऊन राहिले, आणि 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक इथंच लिहिलं. आप्पानं एवढंच विचारलं, "भावाकडं उतरलं हुतं?" हो म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. "लॉज न्हाई. जेवण घरचं. आन् वर नाटक लिवलं. नोबेल काय उगंच मिळतंय हुय!" मग बराच वेळ तो आपला कुणी पाहुणा कारवारला आहे का ते आठवत राहिला. बायकोच्या मावसबहिणीचा दीर अंकोल्याला असतो असं त्याला आठवलं, पण गेल्या पंचवीस वर्षांत त्यांचं बोलणं नव्हतं. तरी त्यानं फोन लावून बघितलाच.

भाषेचं आप्पाला कौतुक नाही, उपयोग आहे. गोव्यात तो मराठी असतो. कारवारपुढं त्याचं 'एष्टरी?' सुरू होतं, आणि भाव ऐकल्यावर 'कडिमि माड्री'. किनाऱ्यावरच्या लोकांना ही हुबळीकडची बोली ऐकून गंमत वाटते आणि गंमत वाटलेला माणूस पाच रुपये सोडतो. पुण्यात त्याला लोक 'कर्नाटकातले का?' विचारतात, बेंगळुरूत 'महाराष्ट्रा?' विचारतात. या प्रश्नाला आमच्याकडची माणसं उसळून उत्तर देतात. आप्पा आधी विचारतो, कुणाला सवलत हाय?

गोकर्ण रोड स्टेशन गावापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे. रिक्षावाल्यांनी सांगितलेला आकडा ऐकून आप्पा हसला, मोठ्यानं, मनापासून. एखाद्या चांगल्या विनोदाला दाद द्यावी तसा. आम्ही हायवेपर्यंत चालत गेलो आणि तिथून बस धरली. बस बायकांनी भरलेली होती. जून २०२३ मध्ये शक्ती योजना आल्यापासून कर्नाटकातल्या बायकांना राज्यात सरकारी साध्या बसचं तिकीट नाही. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. आम्ही दोघं दांडीला लोंबकळत, पैसे देऊन उभे. सीटवर बसलेली एक आजी शून्याच्या तिकिटाची सुरळी करून कान कोरत होती. आप्पाची नजर त्या सुरळीवरून हटेना. "सात-आठ वर्सं धाडून दिलं असतं बाईच्या जन्माला तर काय बिगडत हुतं?" असं काहीसं तो पुटपुटला.

गोकर्णात आप्पाला त्याची गादी मिळाली. आम्ही उतरलो ते एक हॉस्टेल होतं. एका खोलीत दुमजली खाटा, भिंतीवर रंगवलेलं कासव आणि आठ पाहुणे. त्यात बेंगळुरूचा एक पोरगा होता, सॉफ्टवेअरवाला. दोन महिने नोकरी सोडून फिरत होता. कमीत कमी सामानात, कमीत कमी खर्चात जगायचं असं त्यानं ठरवलं होतं. आप्पानं त्याला जवळ बसवून घेतलं आणि एकेका वस्तूची किंमत विचारली. बूट. पाण्याची बाटली. डोक्याला लावायचा दिवा. कपाएवढा होणारा टॉवेल. पोरगा सांगत गेला, आप्पा मनात बेरीज करत गेला, आणि टॉवेलला पोचल्यावर त्याला पाणी प्यावं लागलं. सकाळी बघतो तर आप्पाच्या नायलॉनच्या दोरीवर तीन परक्या बनियन वाळत होत्या, खोलीतली पोरं भडंग खात होती आणि आप्पा कॉइल कशी धरायची ते दाखवत होता. ती कॉइल धातूच्या तांब्यात बुडवलेली असताना पाण्यात बोट घालून बघू नये, हा धडा त्यानं चार वेळा दिला. पोरांनी त्याचे फोटो काढले.

रात्री तो मला म्हणाला, "ह्यो पोरगा गरीब हाय का श्रीमंत?"

"श्रीमंत."

"मग असं का करालाय?"

"अनुभव म्हणून."

आप्पा वरच्या खाटेवर गप्प पडून राहिला. मग म्हणाला, "म्हंजे आमचा बा जन्मभर अनुभवच घेत हुता म्हण की."

उडुपीत पोचेपर्यंत माझी नवी सॅक एका पट्ट्यावर लोंबत होती. छोटा भीम ठणठणीत होता. कृष्णमठात दुपारची पंगत बसते, कुणालाही जेवता येतं. आप्पा देवळात कुठंही हिशेब मांडत नाही. "परसाद हाय त्यो, त्याला दर नसतोय," म्हणाला आणि वही सॅकच्या तळाशी घातली. भात, सारू, सांबार, पायस असं चढत्या क्रमानं वाढप आलं. आप्पा जेवणात तरबेज. पायसाची बादली परत फिरण्याच्या बेतात असताना तो वाढप्याकडं असा बघतो की बादली आपण होऊन त्याच्याकडं वळते.

जेवून तळ्याकाठी बसलो तेव्हा मी त्याला पर्यायाची पद्धत सांगितली. उडुपीत आठ मठ आहेत आणि कृष्णाच्या पूजेचा अधिकार दर दोन वर्षांनी एका मठाकडून दुसऱ्याकडं जातो. शेकडो वर्षं हे असं चाललंय. आप्पानं दातातली काडी काढली.

"दोन वर्सं झाली की दुसऱ्याकडं?"

"हो."

"भांडणं?"

"रीतच तशी ठरलेली आहे."

"मग निपाणीला ही रीत का लावली न्हाई? दोन वर्सं महाराष्ट्र, दोन वर्सं कर्नाटक. बोर्ड तेवढं बदलायचं." महाजन आयोगानं १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं होतं आणि बेळगाव नको म्हटलं होतं, तेव्हापासून या प्रश्नावर आमच्याकडं जेवढे मोर्चे निघाले, जेवढे अग्रलेख पडले, २००४ पासून सुप्रीम कोर्टात जेवढे कागद साठले, त्या सगळ्यांत मला याहून सोपा तोडगा दिसलेला नाही. आप्पाचं डोकं मात्र पुढं गेलं होतं. "ज्या दोन वर्सात ज्येची सवलत जास्त, तवा तिकडं. म्हंजे दोघंबी सवलती वाढवत बसतील बग."

परतीच्या गाडीत त्यानं वही पुन्हा काढली. झाला या बाजूची बेरीज एका पानात संपली. वाचला या बाजूला तीन पानं जोडावी लागली. क्रूझ, टॅक्सी, न बघितलेली चपळ, मुरुडेश्वरच्या गोपुराची न चढलेली लिफ्ट, न खाल्लेली सुरमई (ही चार ठिकाणी होती आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या भावानं), कुंदा एक किलो, आणि एके रात्री आम्ही स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये झोपलो म्हणून शेजारच्या समुद्रावरच्या रिसॉर्टची एक खोली, नाष्ट्यासह. एकूण वाचले रुपये २१,४६०. त्यानं बेरजेखाली दोन रेघा मारल्या आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याला जेवण द्यायला हवं होतं.

घरी वहिनी दारातच होत्या. वहिनी बोलायला कमी. शक्ती योजना आली त्याच महिन्यात गल्लीतल्या बायका जमवून त्या सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आल्या, मग धर्मस्थळ केलं. त्याचा हिशेब त्यांनी आप्पाला कधी दाखवला नाही आणि आप्पानंही मागितला नाही. शून्याच्या तिकिटापुढं आपली वही उणी पडेल अशी त्याला धास्ती असावी. त्यांनी चहा टाकला. आप्पा आंघोळीला गेला. सॅक उपसून धुवायचे कपडे काढताना वही खाली पडली, ती त्यांनी उचलली, चष्मा लावला, आणि सावकाश, एकेक ओळीवर बोट ठेवत, शेवटच्या दोन रेघांपर्यंत वाचली.

आप्पा टॉवेल गुंडाळून बाहेर आला.

"एकवीस हजार चारशे साठ वाचले?" वहिनींनी विचारलं.

"मग!" आप्पाची छाती फुगली.

"बरं झालं बाई. भिशीचा हप्ता ऱ्हायलाय, न्हाणीघराचं दार कुजलंय." त्यांनी हात पुढं केला. "द्या की."

आप्पा टॉवेलची गाठ घट्ट करत बसला. कितीतरी वेळ. मग त्यानं माझ्याकडं बोट केलं.

"निम्मे ह्येच्याकडं हाईत."